एकिड्ना दिसला की सिडनीला

आमच्या मंडळाचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते गाडीच्या डिकीत साठतात. चटईच्या घडीत एखादा, चिखलाच्या बुटात एखादा, चिवड्याच्या डब्याच्या तळाशी शेंगदाण्यांबरोबर उरलेला एखादा. अधूनमधून प्रसाद डिकी साफ करायला घेतो, आम्ही भोवती उभे राहतो, प्रत्येक वस्तूवरून कुणाला तरी काहीतरी आठवतं, आणि शेवटी सगळं होतं तसं परत डिकीत जातं.

मंडळ म्हणजे वेरिबी नावाच्या उपनगरात राहणारे आम्ही चार जण. नीलिमा जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर आहे. पेशंटने तोंड उघडायच्या आत तिने उघडलेलं असतं. प्रसाद तिचा नवरा, आयटीतला. अण्णा सत्तरीच्या पुढचे, साताऱ्याला शाळेत गणित शिकवायचे, आता इथे मुलाकडे असतात. आणि मी. पाचवा माधव, माझा नवरा. मंडळ खरं त्याचं. पाऊण तासावरच्या रानात दर रविवारी सकाळी एकिड्ना बघायला जायचं, ही कल्पना त्याची. मी जायची नाही. रविवारी सकाळी घर रिकामं मिळायचं, मी लिहायला बसायची, आणि दुपारी जेवताना तो सगळं रान मला ताटात वाढायचा.

माधवला जाऊन दोन हिवाळे झाले. मंडळ चालू ठेवू या असं कुणी म्हटलं नाही. त्यानंतरच्या एका रविवारी प्रसादने दारात हॉर्न दिला आणि मी बूट घातले, एवढंच.

तेव्हापासून मंडळातल्या प्रत्येकाला एकिड्ना दिसलाय. मला नाही.

आमची मुलगी ईशा सिडनीला, केलीव्हिलमध्ये असते. घरामागे ग्रॅनी फ्लॅट आहे, आईवडिलांना राहायला बांधतात तसं छोटं वेगळं घर. "आई, वेरिबीचं घर विक आणि इकडे ये," हे ती वर्षभर म्हणत होती. एकदा फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं, "रानातला एक एकिड्ना बघते, मग येते." ती म्हणाली, "डील!" मी गंमत म्हणून ते रविवारी मंडळात सांगितलं. नीलिमा हसली, प्रसाद हसला. अण्णा किटलीतून चहा ओतत होते. ते हसले नाहीत.

ईशा मराठी बोलते कमी आणि वाचत मुळीच नाही, म्हणून हे इथे मोकळेपणाने लिहिता येतंय.

* * *

एकिड्ना म्हणजे काय, हे देशातल्या नातेवाइकांना सांगताना माधवची दमछाक व्हायची. "साळिंदरासारखे काटे, खवल्या मांजरासारखं मुंग्या खाणं, पक्ष्यासारखी लांब चोच, आणि घालतो अंडी." पलीकडून काकू म्हणायच्या, "माधव, तब्येत बरी आहे ना रे?"

पण खरा सामना त्याच्या धाकट्या भावाशी. विनायक टेक्ससला असतो. त्याच्या अंगणात आर्माडिलो येतात. दोघांचं रविवारचं फोनवरचं भांडण ठरलेलं.

"आमचा आर्माडिलो ओढा लागला की श्वास रोखून तळावरून चालत पलीकडे जातो!"

"आमचा पोहतो. चोच वर काढून."

"आमच्याकडे एका वेळी चार पिल्लं. चारही हुबेहूब!"

"आमच्याकडे एकच. पण अंडं घालून वर दूध पाजते त्याची आई. आहे का तुमच्यात कोणी असं?"

विनायकने लगेच विषय बदलला, "आमचा दचकला की जागच्या जागी सरळ वर उडी मारतो. तीन फूट!"

"म्हणूनच मरतो. गाडी डोक्यावरून निघून गेली असती, हा उडी मारून तिला धडकतो. आमचा दचकला की खाली जातो. चारही पायांनी माती सारत, सरळ खाली. वर उरतात फक्त काटे."

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "भावजी, हे प्राण्यांचं चाललंय की तुम्हा दोघांचं?"

दोन्ही खंडांतून एकदमच उत्तर आलं, "प्राण्यांचं!" विनायक रागावला की छताला टेकतो आणि माधव रागावला की आत आत जातो, हे सासूबाईंपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी विनायक म्हणाला, "वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"मी काट्यांशी बोलते दोन-दोन दिवस. मला कसली बाजू!"

अजूनही रविवारी विनायकचा फोन येतो. "वहिनी, दिसला?" "नाही हो." "इकडे या. अंगणात चार दाखवतो." मग तोही फोन ठेवत नाही, मीही ठेवत नाही. भांडायला कुणीतरी हवं असतं दोघांनाही.

* * *

प्रसाद सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरची गोष्ट बिघडलेलीच आहे असं धरून तो सुरुवात करतो.

त्याला दिसलेला पहिला एकिड्ना अर्धा जमिनीत होता. प्रसादने जॅकेट काढून फेकलं. "अरे, अडकलाय बिचारा!" म्हणत गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती उकरायला लागला. तो जितकी माती काढेल तितका एकिड्ना आणखी खाली. प्रसाद घामाघूम. माधव मागे तोंडावर हात धरून उभा. त्याने सांगायला हवं होतं, पण तो म्हणायचा, "इतकं मनापासून चाललं होतं, मोडवेना."

तेवढ्यात जॉगिंग करणारा एक गोरा थांबला. "यू राइट, मेट?"

"ही इज स्टक!" प्रसाद कळवळून म्हणाला.

त्याने वाकून पाहिलं. "नाह, मेट. ही वॉज फाइन टिल यू टर्न्ड अप."

आता प्रसाद स्वयंपाकघरात मदतीला आला की नीलिमा भाजीकडे बोट दाखवून तेच वाक्य म्हणते.

* * *

अण्णांना मुंग्यांना रवा-साखर घालायची सवय आहे. त्यांच्या आईपासूनची. इथल्या रानात पहिल्यांदा आले तेव्हा एक उत्तम वारूळ बघून हरखून गेले. "काय सुदृढ मुंगी आहे हो इथली!" खिशातून डबी काढली, चिमूट चिमूट घातलं, हात झटकून समाधानाने चहा प्यायले.

पुढच्या रविवारी वारूळ उसकटलेलं. मधोमध चोचीने पाडलेलं खोल भोक.

"कोणीतरी जेवून गेलं," माधव म्हणाला.

अण्णांचा चेहरा पडला. "म्हणजे मी यांना घालतो, आणि तो यांना..."

"अण्णा, तुमचं पुण्य कुठे जात नाही. एक पायरी पुढे गेलं फक्त."

परतीच्या वाटेवर अण्णा डबी हातात फिरवत बसले. गाडी फ्रीवेला लागल्यावर म्हणाले, "माधव, तो उपाशी राहावा असंही वाटत नाही रे."

पुढच्या खेपेला त्यांनी दोन वारुळांना रवा-साखर घातली. एकमेकांपासून चांगली लांब. "एक मुंग्यांचं, एक त्याचं. आता ज्याचं त्याने बघून घ्यावं!"

हे फार दिवस चाललं नाही. रानाची देखभाल करणाऱ्या बाईंनी डबी पाहिली आणि इथे कुणालाच काही घालायचं नसतं, हे हसत हसत सांगितलं. हल्ली अण्णा मुलाच्या घरामागे घालतात. पण रानात वारूळ दिसलं की हात खिशाकडे जातोच.

* * *

इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलै-ऑगस्टमध्ये, एकिड्नांची वरात निघते. पुढे एक मादी, मागे एकामागे एक नर, ओळीने, कधी कधी दिवसच्या दिवस. ती थांबली की सगळे थांबतात, ती वळली की सगळे वळतात. मंडळाला ही वरात गेल्या जुलैत दिसली. मी त्याच वेळी गाडीतून शाल आणायला गेले होते, म्हणून हे सगळं ऐकीव.

नीलिमा दबक्या आवाजात समालोचन करत होती. तिचा दबका आवाज म्हणजे बाहेर बसलेल्या पेशंटांना ऐकू येतो तो.

"पहिला बघ, पीआर झालेला, कायमचा इथला. चालच सांगते! दुसऱ्याचं स्वतःचं घर आहे, पण लोन अंगावर. तिसरा आईला विचारून आलाय. आणि तो शेवटचा बारका... स्टुडंट व्हिसा!"

"मग ती हो कुणाला म्हणते?" प्रसादने विचारलं.

"जो मागे यायचा कंटाळा करत नाही त्याला. तू नव्हतास का, माझ्या मागे दोन वर्षं?"

"मी मागे नव्हतो. तू पुढे होतीस!"

मी शाल घेऊन परत येत होते. लांबून तिघांच्या वाकलेल्या पाठी दिसल्या आणि कळलं. श्वास आवरून, पाऊल न वाजवता जवळजवळ पोचलेच होते. माझी चाहूल आधी अण्णांना लागली. मला जागा करून द्यायला ते उठले, आणि त्यांच्या किटलीचं झाकण दगडावर पडलं. ॲल्युमिनियमची किटली, साताऱ्याहून आणलेली. देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला. मी पोचेपर्यंत गवत हलत होतं, बाकी काही नाही.

"अण्णा!" नीलिमा किंचाळली.

"काय करणार, हात थरथरतात गं आता," अण्णा म्हणाले.

त्याच अण्णांनी चिवडा खाऊन झाल्यावर प्रसादच्या जॅकेटचं तुटलेलं बटण लावून दिलं. सुईत दोरा पहिल्याच खेपेला, चष्मा न लावता.

त्यानंतरही ते झाकण पडत राहिलं. एकदा ओढ्याकाठी, एकदा मोठ्या खडकाच्या मागे. प्रत्येक वेळी मी येऊन पोचतानाच. मी म्हटलं, "अण्णा, किटली बदला आता. डँडेनॉन्गच्या दुकानांत छान मिळतात." तर म्हणाले, "या किटलीची सवय झालीय. अशी सुटत नाही सवय."

* * *

नीलिमाने कुठेतरी वाचलं की एकिड्नाची आई पिल्लाला काटे फुटायला लागले की त्याला बिळात ठेवते, तोंड मातीने बंद करते आणि निघून जाते. काही दिवसांनी येते, पोटभर पाजते, परत माती लावते, परत निघून जाते.

"हे काय!" नीलिमा भडकली. "माझ्याकडे अशी केस आली तर मी रिपोर्ट करीन!"

प्रसाद गाडी चालवत होता. शांतपणे म्हणाला, "आपला रोहन यूनिव्हर्सिटीत, रूम घेऊन राहतो. आपण पंधरा दिवसांनी डबे घेऊन जातो. भरपूर खायला घालतो, दार लागतं, आपण निघतो."

नीलिमाने खिडकीची काच खाली केली, परत वर घेतली. मग नीलिमा म्हणाली, "पण दार मी लावत नाही. तो लावतो!"

* * *

मे महिन्यात ईशा दोन दिवसांसाठी आली. प्रकरण निकालात काढायचं ठरवूनच आली होती. शनिवारी मला गाडीत घातलं आणि थेट झूमध्ये नेलं. काचेमागे एक गुबगुबीत एकिड्ना वाडग्यात चोच घालून खात होता.

"देअर. एकिड्ना. पॅक."

"हा धरायचा नाही."

"व्हाय नॉट?"

"याला वेळेवर ताट मिळतं. मी रानातला म्हटलं होतं."

"आई, धिस इज रिडिक्युलस. केलीव्हिलला पण आहेत. आमच्या मागच्या रिझर्व्हमध्ये."

"असतील. पण त्यांना बाबा माहीत नाही."

हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. ईशा काचेकडे बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, आणि ती मराठीत बोलते तेव्हा अगदी लहान वाटते, "मला पण बाबाने एकदाच नेलं. म्हणाला, तू फार हलतेस."

आतल्या एकिड्नाने नाकातून मोठा फुगा काढला. उन्हाळ्यात अंग गार ठेवायला ते असे फुगे काढतात, माधव सांगायचा. इथे मे म्हणजे उन्हाळा नव्हे, पण त्याने काढला. ईशा आधी हसली, मग मी. मग तिने बाहीने काच पुसली. काच स्वच्छ होती.

जाताना विमानतळावर म्हणाली, "डील इज स्टिल ऑन, ओके?"

* * *

बुटांचं सांगायचं राहिलं.

एकिड्नाला दिसतं कमी. कान तिखट, नाक त्याहून तिखट. पण तुम्ही अगदी स्तब्ध उभे राहिलात तर त्याच्या लेखी तुम्ही झाडच. मंडळात हे जमायचं एकट्या माधवला. माधव उभा राहिला म्हणजे राहिला. एका लग्नात कुणीतरी त्याच्या हातावर आपली शाल ठेवून जेवायला निघून गेलं होतं!

एका रविवारी असाच उभा असताना एकिड्ना चालत त्याच्यापाशी आला. बूट हुंगला. पुढचे दोन्ही पाय बुटावर ठेवून वर चढला आणि थांबला.

त्या दुपारी माधव घरात आला नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बूट न काढता बसून राहिला. मी हात पुसत बाहेर गेले.

"जड असतो गं," तो म्हणाला. "एवढासा दिसतो, पण जड असतो."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. त्याला वाटलं मी झाड आहे. मग राहिलो झाड."

जेवण निवलं. मीही पायरीवर बसले. त्याने बुटाचं टोक मला दाखवलं. नखांचे पुसट ओरखडे होते.

त्याचे शर्ट दिले, कोट दिला, चष्मेही दिले. बूट घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत होते तिथेच राहिले. रविवारी मी तेच घालते. दोन मोजे चढवले तरी पुढे बरीच जागा रिकामी राहते, आणि चालताना टोकं वेगळी आपटतात. प्रसाद म्हणतो, "वहिनी, तुम्ही निघालात की एकिड्नाला वेरिबीपासूनच कळतं."

* * *

आता परवाचं.

शनिवारी ईशाचा फोन आला होता. घर विकायचं तर स्प्रिंग उत्तम, एजंटशी बोलू का? मी म्हटलं, उद्याचा रविवार जाऊ दे.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. नीलिमा आणि प्रसाद चढावर पुढे गेले. कुठली वाट घ्यायची यावरून त्यांचा वाद लांबवर ऐकू येत होता. अण्णांचे गुडघे धरले होते, ते पडलेल्या एका खोडावर मांडीत किटली घेऊन बसले. मी त्यांच्यापासून थोडी अलीकडे, उन्हाच्या तुकड्यात उभी राहिले. काही शोधत नव्हते. घराचा विचार करत होते. व्हरांड्याच्या पायरीचा.

पाचोळा वाजला.

आधी मला वाटलं पक्षी. मग झुडपाखालून चोच आली, मातीने माखलेली, ओली. मागून काटे, टोकाला पिवळट. डुलत डुलत, कुठे जायची घाई नाही अशी चाल. मागचे पाय उलटे, जणू अर्धा प्राणी आलेल्या वाटेनेच परत चाललाय. हे सगळं मी जेवताना शंभर वेळा ऐकलेलं. तरी पहिल्यांदा बघत होते.

मी हलले नाही. माझं मलाच खरं वाटत नव्हतं, पण मी हलले नाही.

तो सरळ आला. डाव्या बुटाची नाडी हुंगली. चोच बुटाच्या कडेने फिरली, टोकाशी थांबली. एक पाय वर ठेवला. मग दुसरा. आणि चढला.

बुटाच्या टोकावर, जिथे माझी बोटं पोचत नाहीत तिथे. चामडं त्याच्या भाराने खाली बसलं. जड होता. एवढासा दिसत होता, पण जड होता.

किती वेळ ते सांगता येणार नाही. मान न वळवता नुसते डोळे फिरवले तेव्हा अण्णा दिसले. खोडावर तसेच बसलेले, बघत. किटली बाजूला जमिनीवर. झाकण त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं. हात जराही थरथरत नव्हते.

मग तो उतरला. माती हुंगत, उलट्या पायांनी, गवतात गेला. गवत हललं आणि थांबलं.

वरून नीलिमाची हाक आली, "शुभाऽऽ! काही दिसलं का गं?"

मी तोंड उघडलं.

अण्णांनी किटली उचलली, झाकण तिच्यावर खणकन आपटलं आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडले, "नाही गं! आज पण नाही! या खाली, चहा निवतोय!"